जानेवारीत स्टॉकहोमला एकटे जाताय? पहिला दिवस असा आखा

स्टॉकहोमच्या हिवाळ्याचं नाव काढलं की सगळे थंडीचीच चौकशी करतात. थंडी असतेच, पण तिच्यावर कपड्यांचा इलाज आहे. पहिल्यांदा जाणारा माणूस अडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींपाशी: भरदुपारी मावळणारा सूर्य आणि पायाखालचा निसरडा बर्फ. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आसपास मावळतो. महिनाअखेरीला हे वेळापत्रक साधारण आठ ते चार असं थोडं सैलावतं. ढगाळ दिवशी मधल्या वेळातही आपल्याकडच्या पावसाळी संध्याकाळइतकाच उजेड असतो. म्हणून पहिल्या दिवसाचा एकच नियम ठेवा: उघड्यावरचं सगळं उजेडात, छताखालचं सगळं अंधारात.

तापमान बहुतेक दिवस अधिक २ ते उणे ६ अंशांच्या दरम्यान राहतं, कधीमधी लाट आली की उणे १५ पर्यंत उतरतं. गंमत म्हणजे उणे १० चा कोरडा दिवस चालायला सोपा असतो. त्रास देतो तो शून्याच्या आसपास रेंगाळणारा दिवस. दुपारी बर्फ वितळतो, संध्याकाळी तेच पाणी पुन्हा गोठतं आणि रस्त्यावर काच अंथरल्यासारखं होतं.

विमान निवडताना

दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे येणारी बरीच विमानं दुपारी उतरतात. शहरात पोहोचेपर्यंत तीन वाजतात आणि पहिला दिवस अंधारातच सुरू होतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं आणि फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झ्युरिकमार्गे सकाळी दहा-अकराच्या आत आरलांडा विमानतळावर पोचवणारं तिकीट मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी ते घ्यावं. तीन-चार तासांचा उजेड पदरात पडतो.

मात्र अशा मार्गाने आलात तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाइक व्हिसाच्या देशांच्या गटाचं, इमिग्रेशन त्या मधल्या विमानतळावरच होतं. तिथे पासपोर्टची रांग आणि पुन्हा सुरक्षा तपासणी असते. दोन विमानांमध्ये निदान दोन तास हवेतच. हातातल्या बॅगेत लोणच्याची किंवा मोरांब्याची बाटली असेल तर ती या दुसऱ्या तपासणीत जाऊ शकते, कारण १०० मिलिलिटरचा नियम बऱ्याच ठिकाणी त्यांनाही लागू आहे. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण दाखवणारा कागद, तिन्ही छापून हातात ठेवा. अधिकारी फोनमधली प्रतही पाहतो, पण रांगेत उभं असताना फोनची बॅटरी संपली तर पंचाईत.

बॅगेत काय नको

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. आईने दिलेलं साजूक तूप, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नकोत. (केळी, नारळ, अननस आणि खजूर यांना सूट आहे.) चिवडा, चकली, खाकरा, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट, पाकिटातला कोरडा उपमा हे सगळं चालतं आणि पहिल्या रात्री फार उपयोगी पडतं.

उपम्याला उकळतं पाणी लागतं, आणि स्वीडनमधल्या बऱ्याच हॉटेलांच्या खोल्यांत किटली नसते. बुकिंग करताना विचारा किंवा छोटी प्रवासी किटली न्या. वीज २३० व्होल्टचीच आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या गोल सॉकेटात बसत नाही, त्यासाठी अॅडॉप्टर हवा. फोनच्या चार्जरचा साधा दोन पिनांचा प्लग बहुधा तसाच बसतो. न्हाणीघरात जेट स्प्रे नसेल असं धरून चाला. एक रिकामी प्लास्टिकची बाटली तिथे ठेवली की प्रश्न मिटतो.

पैसे

स्वीडनमध्ये रोख पैसे जवळपास बाद झाले आहेत. कित्येक दुकानांच्या दारावर ‘कोंतांतफ्रित’, म्हणजे रोख घेत नाही, अशी पाटी असते. विमानतळावर नोटा बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. कुणी ओळखीच्याने जुन्या सफरीतल्या उरलेल्या स्वीडिश नोटा दिल्या तर त्याही तपासा. २०१५ ते २०१७ या काळात तिथल्या नोटा बदलल्या गेल्या आणि जुन्या आता दुकानात चालत नाहीत. स्थानिक लोक वापरतात ते ‘स्विश’ हे फोनवरचं ॲप स्वीडिश बँक खात्याशिवाय उघडत नाही, तेव्हा तेही आपल्या कामाचं नाही.

म्हणजे सगळा भार कार्डावर. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या, एक व्हिसाचं आणि एक मास्टरकार्डचं, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. रुपे कार्डावर विसंबू नका. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही स्वतंत्रपणे चालू करा. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. मग मेट्रोच्या फाटकावर कार्ड टेकवलं की लाल दिवा लागतो. ४०० क्रोनांपर्यंत पिन न टाकता व्यवहार होतो, त्यावर पिन लागतो, तेव्हा तो पाठ असू द्या. यंत्राने ‘रुपयांत की क्रोनांत?’ असं विचारलं तर क्रोना निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर महाग असतो.

मनातल्या मनात हिशोब करायला १ क्रोना म्हणजे ९ ते १० रुपये धरा. पुढे दिलेल्या किमती अंदाजाच्या आहेत, दरवर्षी थोड्या सरकतात.

भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, बँकेचा ओटीपी त्यावर येतो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसचे नियम कंपनीला विचारून घ्या. इंटरनेटसाठी घरूनच ई-सिम घेऊन ठेवणं सगळ्यात सोपं. स्वीडनमध्ये २०२२ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्राची नोंदणी लागते आणि थकलेल्या अवस्थेत ते काम नकोसं होतं.

कपडे: जाड नव्हे, थर

एकच भलंमोठं जॅकेट घेऊन उणे १० ची तयारी झाली असं समजणं ही सर्रास होणारी चूक. ऊब कापडात नसते, दोन कापडांमध्ये अडकलेल्या हवेत असते. त्यामुळे तीन थर, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

अंगालगतचा थर घाम बाहेर काढतो. मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, वर आणि खाली दोन्ही. त्याच्या आत सुती बनियन घालू नका. आपल्याला सवय असते म्हणून ते घातलं जातं, पण सूत घाम धरून ठेवतं, वाळत नाही, आणि बाहेर थांबलात की तीच ओल अंगावर गार पडते. मधला थर ऊब धरतो. फ्लीस किंवा घरी विणलेला लोकरी स्वेटर उत्तम. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवतो. जॅकेट कमरेखाली येणारं, टोपी असलेलं, आणि आत स्वेटर घालून हात वर करता येतील इतकं सैल हवं. जीन्स थर्मलवर चालते, पण ती सुतीच. वितळत्या बर्फात खालची किनार भिजली की संध्याकाळपर्यंत ओलीच राहते. कृत्रिम धाग्याची पँट बरी.

वाऱ्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. उणे ५ अंश आणि सेकंदाला ८ मीटर वारा असेल तर त्वचेला ते उणे १३ सारखं जाणवतं. स्वीडनच्या हवामान संस्थेचं, एसएमएचआयचं, ॲप फोनवर घ्या आणि तापमानाच्या शेजारचा वाऱ्याचा आकडाही बघा. पुलांवर आणि पाण्याच्या काठाने हा वारा चांगलाच बोचतो, आणि चौदा बेटांवर वसलेल्या या शहरात पूल काही टळत नाहीत.

बुटांवर मात्र खर्च करा. जाळीचे स्पोर्ट्‌स शूज अर्ध्या तासात भिजतात आणि चामड्याचा गुळगुळीत तळवा बर्फावर टिकत नाही. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, मऊ रबराचा खोल नक्षीचा तळवा असलेले बूट हवेत, आणि नेहमीपेक्षा एक माप मोठे. मापाचं कारण महत्त्वाचं आहे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की बोटांचा रक्तपुरवठा दबतो आणि मोजे वाढवूनही पाय गारच राहतात. एकच जाड लोकरी मोजा आणि बोटं हलवायला जागा, एवढं पुरतं.

कानटोपी कान पूर्ण झाकणारी. गळ्याला मफलरपेक्षा गोल बफ, म्हणजे गळ्यात चढवायची कापडी नळी, सोयीचा, वारा आला की नाकापर्यंत ओढता येतो. हातमोज्यांत चार बोटं एकत्र असलेला प्रकार जास्त उबदार. आत पातळ मोजे घातले तर फोन वापरताना हात उघडा पडत नाही.

सगळं भारतातून विकत नेण्याची गरज नाही. थर्मल, फ्लीस आणि मोजे पुण्या-मुंबईत स्वस्तात मिळतात. जॅकेटसाठी स्टॉकहोममध्ये म्यूरोर्ना आणि स्टाड्समिशोनेन यांची वापरलेल्या कपड्यांची दुकानं आहेत. तिथे काहीशे क्रोनांत खऱ्या हिवाळ्यासाठी शिवलेलं जॅकेट मिळू शकतं. पण विमानतळ ते दुकान हा प्रवास करायला काहीतरी अंगावर हवंच, तेव्हा निदान एक वारारोधक जॅकेट घालूनच उतरा. आणि विमानात ते हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर पहिली रात्र फक्त स्वेटरवर काढावी लागेल.

आरलांडाहून शहरात

विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. चार रस्ते आहेत.

आरलांडा एक्सप्रेस ही थेट रेल्वेगाडी १८-२० मिनिटांत सेंट्रल स्टेशनला पोचवते, पण तिकीट साडेतीनशे क्रोनांच्या आसपास. एकट्याला हा खर्च पटत नाही. सूर्य मावळायला तास उरला असेल तरच विचार करावा.

पेंडेलटोग ही उपनगरी गाडी पाच नंबरच्या टर्मिनलजवळ, विमानतळावरच्या स्काय सिटी या भागाच्या खालच्या स्टेशनातून सुटते आणि चाळीसएक मिनिटांत सेंट्रलला येते. इथे शहर वाहतुकीचं, म्हणजे एसएलचं, नेहमीचं तिकीट लागतंच, शिवाय विमानतळाच्या स्टेशनात शिरण्याचा वेगळा आकार पडतो. दोन्ही मिळून दोनशेच्या आतबाहेर.

बस साधारण पाऊण तास घेते आणि सेंट्रल स्टेशनला लागून असलेल्या सिटीटर्मिनालेन या बसस्थानकाला सोडते. सामान जास्त असेल तर हा पर्याय सुखाचा. बॅग पोटात टाकायची आणि बसायचं.

सगळ्यात स्वस्त रस्ता ५८३ क्रमांकाच्या बसचा. ती मेश्ता स्टेशनला जाते, तिथून पेंडेलटोग घ्यायची. स्टेशनाचा वेगळा आकार लागत नाही, चाळीसएक क्रोनांचं साधं तिकीट पुरतं. तिकीट ७५ मिनिटं चालतं, तेवढ्यात बस आणि गाडी दोन्ही बसतात. वेळ तासाच्या वर जातो आणि मेश्ताच्या उघड्या फलाटावर वाट पाहावी लागते. पूर्ण कपड्यांत असाल आणि घाई नसेल तर हा रस्ता उत्तम आहे, पहाटे किंवा रात्री नको.

टॅक्सी घ्यायचीच असेल तर आधी खिडकीवरचा पिवळा-पांढरा दरफलक पाहा. स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही, गाडीगणिक ते दुप्पट-तिप्पट वेगळे असू शकतात. फलकावरचा मोठा आकडा म्हणजे १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाची तुलनात्मक किंमत. बसण्यापूर्वी ठरावीक भाडं विचारा आणि आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

शहरात मेट्रोसाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, फाटकावर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं. बदली करताना तेच कार्ड पुन्हा टेकवा, ७५ मिनिटांत दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. फोनने एकदा आणि प्लास्टिकच्या कार्डाने एकदा असं केलंत तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात.

सामान टाका, पण झोपू नका

हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. तेव्हाच सूर्य मावळतो. खोलीची वाट पाहत लॉबीत बसणं म्हणजे सगळा उजेड वाया घालवणं. बहुतेक हॉटेलं सामान आधी ठेवून घेतात. नाहीतर सेंट्रल स्टेशनात कार्डाने चालणारे लॉकर आहेत. हॉस्टेलमध्ये उतरणार असाल तर चादरींचे पैसे वेगळे आहेत का ते पाहून ठेवा, आणि दारात बूट काढायची पद्धत असेल तर मुकाट्याने काढा.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी करा. नळाचं गार पाणी बाटलीत भरून घ्या, ते पिण्यालायक आहे आणि विकतचं पाणी घेणं हा शुद्ध अपव्यय. ओठांना आणि चेहऱ्याला व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावा. आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत लिथियम बॅटरी अचानक मान टाकते, ४० टक्के दाखवणारा फोन नकाशा पाहता पाहता बंद पडतो. उबेत आला की तो परत सुरू होतो. पॉवर बँकही आतच हवी. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

उजेडातली चाल

पहिल्या दिवसासाठी दोन-अडीच किलोमीटरची एक वाट पुरे. गामला स्तान, म्हणजे जुन्या शहराच्या मेट्रो स्थानकावर उतरा. गल्ल्यांमधून स्तूरतोर्येत या चौकात या. रंगीत उंच घरांचा हा चौक, १५२० मध्ये डॅनिश राजाने इथेच स्वीडिश सरदारांची कत्तल केली होती. नोबेल पुरस्कारांचं संग्रहालयही याच चौकात आहे, गारठलात तर आत शिरा. तिथून दक्षिणेला उतरत जाताना मोर्टेन त्रोत्सिग नावाची जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीची पायऱ्यांची गल्ली लागते. फोटो वरून काढा, आणि पायऱ्यांवर बर्फ असेल तर खाली उतरायचा हट्ट नको.

पुढे स्लुसेन हा वाहतुकीचा मोठा चौक ओलांडायचा. इथे अनेक वर्षं पुनर्बांधणीचं काम चाललं आहे आणि पादचाऱ्यांच्या वाटा बदलत राहतात. ऑनलाइन नकाशापेक्षा तिथल्या बाणांवर विश्वास ठेवा. हॉर्न्सगातान रस्त्याने वर चढून उजवीकडे वळलं की मोंतेलिउसवेगेन ही कड्याच्या काठाची पायवाट येते. समोर मेलारेन सरोवर, रिद्दारहोल्मेनचा चर्चचा मनोरा आणि पलीकडे लाल विटांचं नगर सभागृह, १९२३ सालचं, १०६ मीटर मनोऱ्याचं. १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते ती याच इमारतीत. दुपारी दोनच्या सुमारास इथे पोहोचलात तर तिरपा सोनेरी उजेड मिळतो. परतायला मारियातोर्येत मेट्रो स्थानक पाच-दहा मिनिटांवर आहे. एरवी तासाची ही चाल, हिवाळ्यात दोन तास धरा आणि मध्ये एकदा तरी आत जाऊन बसा.

आता पायाखालचं बघू. पालिका पदपथांवर बारीक खडी टाकते. जिथे खडी दिसते तिथून चाला, जिथे रस्ता नुसताच ओला आणि काळा चकाकतोय तिथे शंका घ्या. तापमान शून्याखाली असेल तर ते पाणी नाही, बर्फाचा पातळ थर आहे. उतारावरची दगडी फरसबंदी, गटारांची लोखंडी झाकणं, ट्रामचे रूळ, पुलांवरच्या वाटा आणि सावलीतल्या पायऱ्या या नेहमीच्या घसरण्याच्या जागा. ताज्या भुसभुशीत हिमाखाली जुना बर्फ दडलेला असेल तर अंदाजच येत नाही. पावलं लहान टाका, पाय सपाट ठेवा, भार पुढच्या पायावर. हात खिशात नकोत. घसरताना हात मोकळे नसले तर तोंडावर आपटतो आणि मोकळे असले तर मनगट टेकतं. दोन्ही वाईट, पण तोल सावरायची संधी दुसऱ्यातच असते.

खरा उपाय म्हणजे ‘ब्रोद्दार’, बुटाखाली चढवायचे लोखंडी खिळ्यांचे रबरी पट्टे. क्लास ओल्सनच्या दुकानात शंभर ते दोनशे क्रोनांत मिळतात. सेंट्रलजवळ दुकान आहे, सामान टाकल्यावर पहिली खरेदी हीच करा. तिथले म्हातारेकोतारे सर्रास वापरतात, त्यात लाज नाही. दुकानात, मेट्रोत किंवा संग्रहालयात शिरताना मात्र काढा. गुळगुळीत फरशीवर हेच खिळे बर्फापेक्षा जास्त घसरतात.

नजर वरही असू द्या. छतांवर साठलेलं हिम आणि लोंबणारे बर्फाचे सुळे खाली कोसळतात. पदपथावर आडव्या काठ्या किंवा ‘रासरिस्क’ असं लिहिलेला फलक दिसला तर निमूटपणे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जा. काही जिन्यांवर हिवाळ्यात साफसफाई होत नाही असं लिहिलेलं असतं, तेही वळसा घालूनच टाळायचं.

सरोवर गोठलेलं दिसेल, त्यावर एखादा माणूस चालतानाही दिसेल. तुम्ही उतरू नका. शहराच्या मध्यभागी बोटी बर्फ फोडत ये-जा करतात, पुलांखाली प्रवाह असतो, आणि वरून सारखा दिसणारा थर दोन पावलांवर पातळ असू शकतो.

पोटाचं

दुपारी अकरा ते दोनपर्यंत ‘दागेन्स लुंच’ मिळतं. एक गरम पदार्थ, सॅलड, पाव, पाणी आणि कॉफी, मिळून १३० ते १७० क्रोना. संध्याकाळी त्याच ठिकाणी एकट्या पदार्थाला याहून जास्त पडतात, म्हणून मुख्य जेवण दुपारीच उरका. भारतीय उपाहारगृहांतही हीच पद्धत आहे. शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे असतो, ‘वेगेतारिस्क’ म्हणून विचारा. मीटबॉल्समध्ये बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं. यांपैकी काही वर्ज्य असेल तर मागवण्यापूर्वी स्पष्ट सांगा. सगळ्यांना इंग्रजी उत्तम येतं आणि पदार्थात काय आहे ते सांगायला कुणी कंटाळत नाही.

जानेवारीत बेकऱ्यांत ‘सेमला’ दिसू लागतो. वेलदोड्याच्या बनमध्ये बदामाचा गोड लगदा आणि वर फेटलेली साय. वेलदोडा हा स्वीडिश बेकरीचा आवडता मसाला आहे, त्यामुळे परक्या शहरात नाकाला पहिला ओळखीचा वास बहुधा इथेच येतो. कॉफी एकदा घेतली की दुसऱ्यांदा भरून घेणं बऱ्याच ठिकाणी फुकट असतं, विचारून घ्या. गारठलेल्या माणसाला पाऊण तास उबेत बसायला पन्नास-साठ क्रोनांत याहून चांगली सोय नाही.

तीन वाजल्यानंतर

अंधार पडला की थकवा एकदम अंगावर येतो, कारण भारतात तेव्हा साडेसात वाजलेले असतात. हिवाळ्यात स्वीडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. खोलीत जाऊन ‘जरा पाठ टेकतो’ म्हणालात तर रात्री दहाला जागे व्हाल आणि पुढचे तीन दिवस बिघडतील. रात्री नऊपर्यंत काहीही करून जागं राहायचं.

त्यासाठी मेट्रो ही फार चांगली जागा आहे, उबदार, उजळलेली आणि बर्फमुक्त. स्टॉकहोमच्या शंभर मेट्रो स्थानकांपैकी बहुतेकांमध्ये कलाकृती आहेत आणि काही तर खडकात कोरलेल्या रंगवलेल्या गुहाच आहेत. एकाच तिकिटात फाटकाबाहेर न पडता असं फिरा: निळ्या मार्गावर कुंगस्त्रेदगोर्डेन, हे जमिनीखाली सुमारे ३० मीटरवर आहे. मग टी-सेंत्रालेन, पांढऱ्या खडकावरची निळी पानं-वेली. पुढे रोदहुसेत. तिथून ११ क्रमांकाच्या गाडीने सोल्ना सेंत्रुम, लालभडक छताचं. अकाल्ला असं लिहिलेलीच गाडी घ्या, हुल्स्ताची गाडी त्याआधी फुटते. परत टी-सेंत्रालेनला येऊन लाल मार्गाने दोन स्थानकं पुढे स्टाडिओन, निळ्या गुहेतलं इंद्रधनुष्य. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा, डावी बाजू चालणाऱ्यांची. टी-सेंत्रालेनच्या गर्दीत पाकीटमार असतात, पाकीट आतल्या खिशात.

बुधवार असेल तर वासा संग्रहालय रात्री आठपर्यंत उघडं असतं, एरवी पाचला बंद होतं. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं अख्खं लाकडी युद्धजहाज आत उभं आहे. सेंट्रलजवळून ७ क्रमांकाची ट्राम जाते. लाकूड टिकावं म्हणून आत हवा थोडी थंडच राखलेली असते, तेव्हा स्वेटर काढून ठेवू नका. बाकी कुठेही, दुकानात, ट्राममध्ये, कॅफेत, आत शिरल्याबरोबर जॅकेटची चेन उघडा आणि टोपी काढा. आतलं तापमान २०-२१ अंश असतं. दहा मिनिटं तसंच उभं राहिलात तर घाम येतो आणि तोच घाम बाहेर गेल्यावर हुडहुडी भरवतो. थंडी बाधली म्हणणाऱ्या पाहुण्यांत निम्म्यांची गोष्ट खरं तर घामाची असते.

अंधारात रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला काळ्या जॅकेटमधला माणूस दिसत नाही. तिथली शाळकरी मुलं आणि आजीआजोबा जॅकेटला चकाकता बिल्ला लावतात. औषधाच्या किंवा किराणा दुकानात तो मिळतो, घ्याच. पदपथाशेजारच्या सायकलच्या पट्ट्यात चालू नका. बर्फातही सायकली जोरात येतात.

रात्री खोलीवर

येताना आयका, कोप किंवा लिडल या किराणा दुकानांतून पाव, फळं आणि ‘फिल’ घ्या. फिल म्हणजे तिथलं पातळ दही, जेवणात दह्याची उणीव भागवतं. दारू हवी असेल तर ती सरकारी सिस्तेमबोलागेतमध्येच मिळते, शनिवारी दुपारी तीनला बंद आणि रविवारी पूर्ण बंद. किराणा दुकानात फक्त साडेतीन टक्क्यांची बिअर असते.

बूट ओले असतील तर आतला तळवा बाहेर काढा, आत चोळामोळा केलेले कागद भरा आणि ते दोन तासांनी बदला. हीटरवर थेट ठेवू नका, डिंक सुटतो आणि चामडं तडकतं. मोजे आणि थर्मल धुऊन हीटरशेजारी टांगा. खोलीतली हवा इतकी कोरडी असते की सकाळपर्यंत वाळतात आणि तुमचा घसाही थोडा ओला राहतो.

पहाटे तीन-चारला जाग येणारच. बाहेर पडायची घाई नको, उजाडायला पाच तास आहेत. नाश्ता हॉटेलच्या भाड्यात असेल तर साधारण सात वाजता सुरू होतो, आणि तो भरपेट करून साडेआठला निघालात तर दुसऱ्या दिवसाचा पूर्ण उजेड हाताशी राहतो.

बोटाच्या टोकावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर पांढरा बधिर डाग दिसला तर चोळू नका आणि गरम पाण्यातही घालू नका. उबेत जाऊन हाताच्या किंवा काखेच्या उबेने हळूहळू पूर्ववत करा. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतली नाही, किंवा पडल्यावर मनगट सुजलं, तर वेळ घालवू नका: आरोग्य सल्ल्यासाठी ११७७ हा क्रमांक आहे, परदेशी सिमवरून तो +४६ ७७१ ११७७ ०० असा लावावा लागतो, आणि जीवावरचं संकट असेल तर ११२. युरोपबाहेरच्या प्रवाशाला उपचाराचं पूर्ण बिल भरावं लागतं, म्हणून विमा कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीसोबत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि प्रत्येक पावती मागून घ्या.